मंगाचं पान कसं बनतं : टाक, टोन, चौकटी आणि छपाईचा हिशेब

रेघोट्या (धागाकर्ता)

मंगा (जपानी चित्रकथा) म्हटलं की आपल्याकडे चर्चा मोठ्या डोळ्यांपासून सुरू होते आणि बहुतेकदा तिथेच संपते. डोळे कसे काढायचे हे दाखवणाऱ्या चित्रफिती पैशाला पासरी आहेत, म्हणून ते बाजूला ठेवतो. इथे पानाबद्दल बोलू या.

माझं म्हणणं असं की आपण जिला मंगाची शैली म्हणतो, ती बरीचशी छपाईने घडवली आहे. एकच काळी शाई, खरबरीत स्वस्त कागद आणि मूळ चित्र लहान करून छापायची पद्धत. या तीन गोष्टी धरल्या की रेषा तशी का, राखाडी रंग ठिपक्यांचा का, चेहरा साधा आणि पार्श्वभूमी भरगच्च का, याची उत्तरं मिळायला लागतात.

आधी कागद. व्यावसायिक मंगाचा कागद (गेन्को योशी) जपानी बी४ मापाचा असतो, २५७ × ३६४ मिमी. त्यावर फिकट निळ्या रेघांनी दोन चौकटी आखलेल्या असतात. आतली १८० × २७० मिमी, बाहेरची २२० × ३१० मिमी. मजकूर आणि महत्त्वाचे चेहरे आतल्या चौकटीत ठेवायचे. बाहेरची चौकट ही कापाची रेघ. चित्र पानाच्या कडेपर्यंत न्यायचं असेल तर कापाच्या पुढे किमान ५ मिमी काढत जायचं, नाहीतर कटिंग जरा सरकलं की कडेला पांढरी पट्टी दिसते. निळा रंग अशासाठी की ब्लॉक (छपाईचा ठसा) करणाऱ्या कॅमेऱ्याला तो दिसत नसे. आज स्कॅनरमध्येही तो थ्रेशोल्डने (ठरावीक उजळपणाच्या पुढचं सगळं पांढरं करून) सहज उडवता येतो.

मासिक छापलं जातं बी५ मापात, म्हणजे कापाच्या चौकटीच्या साधारण ८३ टक्के. ०.३ मिमीची रेषा छापून ०.२५ मिमीची होते. चित्र लहान होताना हाताची थरथर झाकली जाते हा फायदा. पण फार नाजूक रेषा तुटते आणि दाट रेषांचं जाळं एकमेकांत मिसळून काळा डाग होतो.

बोरूबहाद्दूर

छान विषय. टाकांबद्दल मी लिहितो.

मुख्य निबं तीन. जी-पेन दाबलं की जाड, सोडलं की बारीक, म्हणून माणसांच्या बाह्यरेषेला. काबुरा-पेन जवळपास एकसारखी रेघ देतं. त्याचा उपयोग चौकटी, इमारती, वस्तू यांना. मारु-पेन सगळ्यांत बारीक, पापण्या आणि केसांच्या टोकांसाठी. मारुचं बूड गोल नळीसारखं असतं, त्याला साधा होल्डर चालत नाही. नवखे लोक निब विकत घेतात आणि मग ते बसत नाही म्हणून वैतागतात.

जी-पेन खरं तर इंग्रजी लपेटीदार अक्षरासाठीचं निब. त्यामुळे आपल्याकडे ते चित्रकलेच्या दुकानात मिळालं नाही तर कॅलिग्राफीचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. निक्को, झेब्रा, ताचिकावा ही नावं शोधा.

नव्या निबावर गंज येऊ नये म्हणून तेलाचा थर असतो. तो काढल्याशिवाय शाई धरत नाही, थेंब-थेंब गळते. स्पिरिट लावलेल्या कापसाने पुसा. काही जण काडीच्या ज्योतीतून फिरवतात. एखादा सेकंद ठीक, जास्त झालं तर पोलादाचं पाणी उतरतं आणि निब मऊ पडतं. शाई निबाच्या छिद्राच्या मध्यापर्यंतच घ्या, पूर्ण बुडवलं की पहिल्याच रेघेला डाग पडतो.

रेघेच्या मधोमध पांढरी फट पडून दोन समांतर रेघा येतात तेव्हा दाब जास्त झालेला असतो किंवा निबावर शाई वाळलेली असते. पाण्यात बुडवून पुसा. आणि हलक्या हातानेही जाड रेघ येऊ लागली तर निबाची दोन टोकं कायमची फाकली आहेत. ते निब टाकू नका, काळं भरायला ठेवा.

रेघ ओढायची खांदा-कोपरातून. मनगट फिरवून वक्र काढण्यापेक्षा कागद फिरवा. शेवट निमुळता हवा असेल (जपानी शब्द ‘नुकी’) तर हात थांबायच्या आधी टाक उचलायचा. हात थांबला की तिथे गाठ पडते.

नाकतोडा

आपला साधा कार्ट्रिज पेपर चालेल का? आणि शाई कोणती?

बोरूबहाद्दूर

कार्ट्रिज नको. त्याचे तंतू टाकाच्या टोकात अडकतात आणि शाई मुळं फुटल्यासारखी पसरते. गुळगुळीत ब्रिस्टल बरा. बी४ कागद इथे सहज मिळत नाही, तेव्हा ए३ घ्या (२९७ × ४२०) आणि त्यावर धाग्यात वर सांगितलेल्या दोन चौकटी स्वतः आखा.

शाई वाळल्यावर पाण्याने न उठणारी, ड्रॉइंग इंक प्रकारची. जपानमध्ये बाटलीबंद सुमी शाईही (बोकुजू) वापरतात. तिचा काळा रंग गर्द आणि बिनचमकीचा असतो, पण तिच्यात डिंकासारखा पदार्थ असल्याने निब वारंवार पुसावं लागतं. यांतली कुठलीही शाई फाउंटन पेनात घालू नका, पेन कायमचं बसेल.

क्रम महत्त्वाचा : पेन्सिल, टाक, पूर्ण वाळवणं, खोडरबर, काळं भरणं (बेता), पांढऱ्याने दुरुस्ती, मग टोन (राखाडी छटेसाठीची ठिपक्यांची फिल्म). काळं आधी भरलंत तर खोडरबर त्यावरची शाई उचलतं आणि काळा भाग धुरकट होतो.

खिळेजुळारी

छपाईचा मुद्दा निघालाच आहे तर टोनबद्दल.

लेटरप्रेसच्या काळात आपल्याकडेही ब्लॉक दोन प्रकारचे असत. रेघांच्या चित्राला लाइन ब्लॉक, फोटोला हाफटोन ब्लॉक (छटा लहान-मोठ्या ठिपक्यांत फोडणारा). हाफटोन महाग, आणि खरबरीत कागदावर हमखास भरून यायचा. मंगाचा स्क्रीनटोन ही यावरची पळवाट आहे. ठिपके आधीच छापलेली, मागे चिकट असलेली पारदर्शक फिल्म चित्रावर लावायची. प्रेसच्या दृष्टीने ते सगळं मग ‘लाइन’च राहतं. डोळ्याला राखाडी दिसतं, प्लेटला मात्र फक्त काळं आणि पांढरं.

टोनला दोन आकडे असतात. एक रेषासंख्या, म्हणजे एका इंचात ठिपक्यांच्या किती ओळी. दुसरा टक्केवारी, म्हणजे किती जागा काळी. त्वचेवरची सावली, फिका शर्ट यांना ‘६० रेषा, १० टक्के’ ही नेहमीची निवड. ५ टक्क्यांचा टोन छापताना उडून जाऊ शकतो. उलट ४० टक्क्यांच्या पुढे दाट रेषासंख्या घेतली तर ठिपके एकमेकांना चिकटतात.

कोणी सांगत नाही ते असं की लहान करताना रेषासंख्या वाढते. ६० रेषांचा टोन ८३ टक्क्यांवर छापला की कागदावर तो ७२ रेषांचा होतो. आपल्याकडची हौशी मंडळी ए४ वर काढून ए५ पुस्तिका छापतात, म्हणजे ७०.७ टक्के. तिथे ६० चा टोन ८५ होतो आणि झेरॉक्सवर त्याचा चिखल होतो. ए४ ते ए५ साठी ४२.५ रेषांचा टोन घ्या, छापून बरोबर ६० येतो. ०.३ ची रेघही तिथे ०.२१ होते, तेव्हा टाक एक घर जाड.

रेघोट्या

हे फार मोलाचं. टोन लावण्याची कृतीही सांगता का?

खिळेजुळारी

हव्या त्या भागापेक्षा थोडा मोठा तुकडा कापा. कागद आधी ब्रशने झाडा, कारण खोडरबराचा एक कण खाली राहिला की तिथे फुगवटा येतो आणि छापून काळा ठिपका दिसतो. तुकडा हलका ठेवा आणि आकाराच्या रेघेवरून कटर फिरवा. जोर फक्त फिल्म कापेल इतकाच. खालचा कागद कापला गेला तर स्कॅनमध्ये बारीक रेघ उमटते. जादाचा भाग उचला, मग वर पातळ कागद ठेवून सपाट पट्टीने घासून पक्कं करा. आधी घासून नंतर कापाल तर जादाचा तुकडा खालची शाई घेऊन वर येतो.

मऊ कडेसाठी (ढग, गालावरचा उजेड) टोन कटरच्या पात्याने खरवडतात. ठिपक्यांच्या ओळी ४५ अंशांत असतात. त्याच दिशेने खरवडलं की अख्खीच्या अख्खी ओळ जाते आणि पट्टे पडतात. म्हणून पातं त्या कोनापासून थोडं वळवून धरायचं, आणि एका दिशेने झालं की दुसऱ्या दिशेने आडवं.

दोन टोन एकावर एक लावायचे तर रेषासंख्या एकच हवी. ६० वर ५५ चढवलात तर साडीच्या पदरासारख्या लाटा दिसतात, तोच मोआरे. एकाच संख्येचे असले तरी वरचा टोन सरकवत सरकवत लाटा जातील अशी जागा शोधावी लागते.

कीबोर्डवरचा_उंदीर

संगणकावर हेच काम करणाऱ्यांसाठी. बी४ पान ६०० डीपीआयला (इंचाला ६०० पिक्सेल) ६०७१ × ८५९८ पिक्सेलचं होतं. छपाईसाठीची फाइल शुद्ध काळी-पांढरी हवी, राखाडी नको. ब्रशचं अँटी-अलायझिंग (कडा मऊ करायची सोय) चालू राहिलं तर रेषेच्या कडेला राखाडी पिक्सेल येतात. प्रेसचं यंत्र त्यांचे पुन्हा ठिपके पाडतं, आणि ठिपक्यांवर ठिपके म्हणजे परत मोआरे.

टोन लावलेलं पान नंतर लहान-मोठं करू नका. ६०० डीपीआयला ६० रेषांचा टोन म्हणजे दर १० पिक्सेलला एक ओळ, हिशेब चोख बसतो. तेच पान ७३ टक्के वगैरे केलंत की ओळ ७.३ पिक्सेलवर येते, काही ठिपके मोठे, काही लहान, आणि पानभर चौकडा दिसतो. आधी अंतिम माप ठरवा, टोन शेवटी.

आंतरजालावर टाकायची प्रत वेगळी काढा. ठिपके बंद करून टोनचे थर साध्या राखाडीत ठेवा, मग पान लहान करा. मोबाइलवर मंगा चट्टेरी-पट्टेरी दिसते तेव्हा बहुतेक वेळा ही पायरी चुकलेली असते.

दुपारची_झोप

तंत्र उत्तम चाललंय, पण इतिहासाचं काय? मंगाची सुरुवात बाराव्या शतकातल्या प्राण्यांच्या चित्रगुंडाळ्यांपासून झाली असं सगळीकडे लिहिलेलं असतं. धागाकर्त्यांनी त्याचा उल्लेखही केला नाही.

रेघोट्या

मुद्दाम टाळला, दुपारराव. चोजू-गिगा या क्योतोच्या कोझान-जी मंदिराच्या चार गुंडाळ्या, बाराव्या-तेराव्या शतकातल्या. ससे, बेडूक, माकडं नुसत्या काळ्या शाईत, एक अक्षर मजकूर नाही. रेषा अप्रतिम आहे, उजवीकडून डावीकडे उलगडत जाणारी गोष्टही आहे. तोबा सोजो हा भिक्षू त्यांचा कर्ता असं परंपरा सांगते, पण ते सिद्ध झालेलं नाही. तरी ती मंदिरातली वस्तू. छापून बाजारात विकली जाणारी मंगा तिच्यातून थेट उतरली असं म्हणणं मला ओढूनताणून आणलेलं वाटतं.

छापील वंशावळ बघायची तर १७७५ नंतरची किब्योशी बघा. पिवळ्या मुखपृष्ठाची ही पुस्तकं, लाकडी ठशावर चित्र आणि मजकूर एकत्र कोरलेला, वाचक मोठी माणसं. ‘मंगा’ हा शब्दही अठराव्या शतकाच्या अखेरीस दिसतो. चित्रकार होकुसाईची ‘मंगा’ १८१४ पासून निघाली, १५ भाग, शेवटचा १८७८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. पण ती गोष्टीची पुस्तकं नव्हेत. माणसं, कसरती, मासे, भुतं यांचे सुटे नमुने, शिकणाऱ्यांनी गिरवावेत म्हणून. ‘मान’ म्हणजे मोकाट, स्वैर आणि ‘गा’ म्हणजे चित्र.

दुपारची_झोप

मग आजच्या अर्थाने पहिला कोण? युद्धानंतरचा प्रसिद्ध मंगाकार तेझुका म्हणू नका, ते फार सोपं उत्तर झालं.

रेघोट्या

तेझुका नाही म्हणत. किताझावा राकुतेन. १९०२ पासून ‘जिजी शिंपो’ या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत ‘जिजी मंगा’ हे सदर, १९०५ मध्ये ‘तोक्यो पक’ हे रंगीत नियतकालिक. तो पाश्चात्त्य व्यंगचित्रकारांकडून शिकला होता आणि ‘मंगा’ हा शब्द आजच्या अर्थाने रुळवला तो त्यानेच. संवादाचे फुगे रुळले १९२३ च्या ‘शो-चानचे पराक्रम’ या वृत्तपत्री मालिकेपासून. १९३१ मध्ये तागावा सुइहोचा सैन्यातला काळा कुत्रा नोराकुरो आला.

तेझुकाचं ‘शिन ताकाराजिमा’ १९४७ चं, साकाई शिचिमाबरोबर केलेलं. ओसाकातल्या स्वस्त ‘लाल पुस्तकां’च्या (आकाहोन) बाजारातलं. सुरुवातीची धावती मोटार प्रसिद्ध आहे. एकच कृती अनेक चौकटींत फोडायची, कॅमेरा जवळ-लांब न्यायचा. हे त्यानेच शोधलं असं नाही, युद्धापूर्वीही त्याची उदाहरणं सापडतात. पण पानांची संख्या वाढवून गोष्ट लांब करायला त्याने ते वापरलं, आणि तो धडा पुढच्या पिढीने गिरवला.

दुपारची_झोप

आणि डोळे? डिस्नेची नक्कल, एवढंच?

शिरोरेषा

एवढंच नाही. डिस्नेचं ऋण तेझुकाने स्वतः मान्य केलं होतं. पण त्याचं बालपण ताकाराझुकात गेलं, जिथे सगळ्या भूमिका बायका करतात ती संगीत नाटक मंडळी आहे. रंगमंचावरचे रंगवलेले, दिव्यांत चमकणारे डोळे. त्याच्या १९५३ च्या ‘रिबोन नो किशी’वर ती छाप स्पष्ट आहे. तिसरा धागा मुलींच्या मासिकांतल्या सुशोभित चित्रांचा, नाकाहारा जुनइची यांच्या लांब पापण्यांच्या मुलींचा. ताकाहाशी माकोतो यांनी तो १९५० च्या दशकात मुलींच्या मंगात आणला. चौकटी मोडून पानाच्या उभ्या लांबीत नायिकेची पूर्णाकृती काढायची, तिचा गोष्टीतल्या क्षणाशी थेट संबंध नसला तरी चालेल. पुढे १९४९ च्या आसपास जन्मलेल्या लेखिकांनी, हागिओ मोतो, ताकेमिया केइको, ओशिमा युमिको यांनी, फुग्याबाहेरचं स्वगत आणि एकमेकांवर चढलेल्या चौकटी यांतून मन दाखवायची भाषा बनवली. मुलींच्या मंगातलं पान विस्कळीत वाटतं ते ज्याला घटना शोधायची असते त्याला.

बोरूबहाद्दूर

मुलांच्या मंगाविरुद्धचं बंडही नोंदवायला हवं. १९५७ मध्ये तात्सुमी योशिहिरो यांनी ‘गेकिगा’ हा शब्द काढला, नाट्यचित्रं अशा अर्थाने. ही मंडळी भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानांसाठी काढत. वाचक कामगार तरुण, विषय गुन्हा आणि गरिबी, रेषा खरखरीत. १९६४ मध्ये ‘गारो’ मासिक निघालं ते या रक्तातलंच.

रेघोट्या

आणि साप्ताहिकांनी उरलेली शैली ठरवली. १७ मार्च १९५९ ला ‘शोनेन मॅगझिन’ आणि ‘शोनेन संडे’ एकाच दिवशी बाजारात आली, १९६८ ला ‘जंप’. आठवड्याला १९-२० पानं एका माणसाच्या आवाक्यातली नाहीत, म्हणून सहायक आले. मुख्य चित्रकार पात्रं आणि चेहरे काढतो. इमारती, झाडं, काळं भरणं, टोन सहायकांकडे. चेहरा चार रेघांचा आणि मागची गल्ली फोटोसारखी, हा विरोधाभास वाचकाला सौंदर्य वाटतो. त्याच्या मुळाशी श्रमविभागणी आहे. १९९५ मध्ये ‘जंप’चा खप ६५ लाख ३० हजारांवर गेला होता, यावरून त्या कारखान्याचा आवाका समजावा.

नाकतोडा

धावण्याच्या, धडकण्याच्या त्या रेघा कशा काढतात? माझ्या सूर्यकिरणांसारख्या दिसतात.

बोरूबहाद्दूर

अंतर सारखं ठेवताय म्हणून. त्यांना शूचूसेन म्हणतात, एका बिंदूकडे धावणाऱ्या रेघा. बिंदूवर टाचणी टोचा (खाली टेपचे तीन-चार थर लावा, कागदाचं भोक मोठं होत नाही), पट्टी टाचणीला टेकवून फिरवत राहा. रेघ बाहेरून आत, टोकाला नुकी. चार-पाच दाट रेघांचा झुबका, मग मोकळी जागा, मग लहान झुबका, आणि आतली टोकं कमी-जास्त लांबीवर. पट्टीची तिरकी कड खाली करून धरा किंवा पट्टीखाली नाणी चिकटवा, नाहीतर शाई पट्टीखाली शिरते.

टोन नको असेल तेव्हा काकेआमी : पाच-सहा छोट्या समांतर रेघांचा ठिगळासारखा गट, शेजारचा गट वेगळ्या कोनात. एक थर, दोन थर, तीन थर अशी गर्दता वाढते. गटांच्या कडा एकमेकांत विरायला हव्यात. तिथे गाठी दिसल्या की चटई विणल्यासारखं वाटतं.

कीबोर्डवरचा_उंदीर

चौकटींच्या रचनेचा एक नियम कुठल्याही शैलीत उपयोगी. दोन ओळींमधली आडवी फट रुंद, एका ओळीतल्या दोन चौकटींमधली उभी फट अरुंद. बी४ वर साधारण ७-८ मिमी आणि ३ मिमी. डोळा अरुंद फट आधी ओलांडतो, त्यामुळे बाण न काढता क्रम कळतो. दोन्ही सारख्या ठेवल्या की वाचक अडखळतो.

शिवाय पान उलटण्याचा हिशेब. जपानी पुस्तकात डावं पान विषम अंकाचं. त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातली चौकट पान उलटण्याआधीची शेवटची. तिथे प्रश्न किंवा दचकलेला चेहरा, उत्तर उलटल्यावर उजव्या पानावर वर. हे सगळं पेन्सिलच्या कच्च्या आराखड्यात, ‘नेमु’त, ठरतं. संपादक फेटाळतो तोही नेमुच.

शिरोरेषा

मराठीत मंगा करणाऱ्यांसाठी अक्षरांबद्दल, कारण बहुतेक पानं तिथेच फसतात.

जपानी मजकूर उभा, म्हणून फुगे उभट. छापील आकारात साधारण २० क्यू, म्हणजे ५ मिमी (१ क्यू = ०.२५ मिमी). कांजी (चिनी मूळ असलेली चित्राक्षरं) ठसठशीत, एकसारख्या जाडीच्या गॉथिकमध्ये, काना (उच्चारदर्शक अक्षरं) जाड ‘अँटिक’ वळणात, अशी मिश्र जोडी वापरतात. मुलांच्या मासिकांत कांजीच्या बाजूला तिचा उच्चार सांगणारा बारीक फुरिगाना असतो. जपानी शिकणाऱ्यांना मंगा वाचता येते ती त्याच्या कृपेने.

देवनागरी आडवी. उभट फुग्यात ‘विद्यापीठातल्यांनासुद्धा’ कसं बसवणार? अक्षर लहान केलं की मात्रा बुजतात, शब्द तोडला की वाचन तुटतं. आधी मजकूर बसवा, मग त्याभोवती आडवा फुगा काढा. ओळींतलं अंतर अक्षराच्या उंचीच्या १.३ ते १.४ पट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. शिरोरेषेमुळे फुग्यात आडवे पट्टे उमटतात, म्हणून एका फुग्यात चार ओळींपेक्षा जास्त नको. फुग्याच्या कडेपासून एका अक्षराइतकी मोकळी जागा सोडा.

दुपारची_झोप

मग मराठीत पान उजवीकडून वाचायचं की डावीकडून?

शिरोरेषा

स्वतःची गोष्ट असेल तर डावीकडूनच. नाहीतर डोळा चौकटींत डावीकडे जातो आणि फुग्यात उजवीकडे, प्रत्येक वाक्याला उलटसुलट. भाषांतर असेल तर मात्र मूळ दिशा ठेवावी. पान आरशासारखं उलटं केलं की सगळे डावखुरे होतात, तलवार उजव्या कमरेला जाते, आणि किमोनोची उजवी बाजू वर येते. जपानमध्ये तसा किमोनो प्रेताला नेसवतात. नायिका हसत घरात येते आणि जपानी वाचकाला ती तिरडीवरची दिसते.

नाकतोडा

बाप रे. आणि ध्वनिशब्द? ‘धडाम’ फुग्यात की बाहेर?

शिरोरेषा

बाहेर, चित्राचा भाग म्हणून हातानेच काढा. फाँट टाकलात की तो वरून चिकटवलेला दिसतो. जपानीत शांततेलाही ध्वनिशब्द आहे, ‘शिईन’, रिकाम्या खोलीत लांबट काढलेला. मराठीत सळसळ, कडकड, खण्ण, भस्सकन यांची ददात नाही. शिरोरेषा आवाजाच्या दिशेने तिरकी धावू द्या, जाडी सुरुवातीला जास्त आणि शेवटी कमी. सगळी अक्षरं एकाच जाडीची काढली तर दुकानाच्या पाटीसारखं दिसतं.

खिळेजुळारी

त्या अक्षरांना पांढरी कड द्याल तर ती छापील मापात निदान अर्धा मिमी ठेवा. त्याहून बारीक कड स्वस्त कागदावर शाई पसरून भरून येते.